गणपतीचं नाव

गाडी पुरती थांबली नव्हती, तोच गीताबाईंनी पायरीवर पाऊल टाकलं. कंडक्टरनं हात आडवा धरला.

"अव मावशी, दम धरा. लोनार कुठी पळून नाही चाललं."

गाडी थांबली. धुरळा खाली बसायच्या आत मागून चाळीस बायांचा कालवा उठला. कुणाची पिशवी अडकली, कुणाची चप्पल बाकाखाली गेली. औंढ्या नागनाथाचं दर्शन करून खामगावला परत निघालेली भजनी मंडळाची ही स्पेशल गाडी होती, आणि लोणारला तिचा मुक्काम नव्हता, नुसता थांबा होता. पाच वाजता उतरायचं, पावणेसातला परत बसायचं.

ड्रायव्हर माणिकराव खाली उतरून टोपीनं तोंड पुसत होते.

"आयका बायाहो. पावनेसातले तीन हॉर्न देईन, थोड्या थोड्या वेळानं. तिसऱ्यालेबी जे आलं नाही, ते लोनारचं जावई झालं समजा."

"बाया कशा जावई होतीन हो?" अंबूबाईंनी विचारलं. त्यांचे गुडघे दुखत, पण तोंड कधी दुखत नसे.

"मंग सूनबाई."

"ह्या वयात कोनती सासू घेते मले? आनखी एकदा सासरवास नको बाप्पा."

मंडळाच्या पुढारी वच्छलाबाई. त्यांनी बोटांवर मोजत कार्यक्रम सांगितला. आधी गोमुखातून पडणाऱ्या धारेवर हातपाय धुवायचे, मग दैत्यसूदनाचं देऊळ, मग खाली उतरून कमळजादेवी. सरोवराचं पाणी हाताला लावून पाहायचं, साबणासारखं बुळबुळीत लागतं म्हणतात. वर येऊन बांगड्या, आणि वेळ उरला तर चहा.

"पावनेदोन घंट्यात इतकं?"

"पाय उचलले का होते."

आणि बाया खरंच पाय उचलून निघाल्या. चैत्रातलं ऊन अजून तापलेलं होतं, पण कुणाला त्याचं भान नव्हतं. गीताबाई सगळ्यांच्या पुढे चालत होत्या. औंढ्यापासून त्यांचा चेहरा खुललेला होता, आणि तो पाहून दोघीतिघींनी विचारलंही होतं, की आज काय लाभ झाला म्हणून. त्या नुसत्या हसल्या होत्या.

त्यांचं लोणारात एक काम होतं. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

धारेच्या थंड पाण्यानं त्यांनी पाय धुतले, डोळ्यांना पाणी लावलं, आणि कड्याच्या टोकाशी येऊन उभ्या राहिल्या. खाली खोल, हिरवंगार, गोल पाणी. त्याच्या काठाशी झाडीत देवीचं शिखर. बाया "अगो बाई" म्हणून जागच्या जागी थांबल्या. गीताबाईंनी तिथूनच हात जोडले, कपाळ टेकल्यासारखी मान वाकवली आणि वळल्या.

"तुम्ही कुठी चालल्या?" वच्छलाबाईंनी हटकलं.

"माझं गावात एक घर आहे. जाऊन येते."

"देवी सोडून?"

"देवी इथून दिसली," गीताबाई हळूच म्हणाल्या. "घर इथून दिसत नाही."

वच्छलाबाई बाकीच्या बायांकडे वळेपर्यंत त्या पाऊलवाटेनं अर्ध्यावर गेल्या होत्या.

धाड गावात त्यांचं माहेर. शेजारच्या घरात चांगुणा. दोघींचा आड एक, खेळ एक, मार खायची वेळसुद्धा एकच. पंधराव्या वर्षी चांगुणेला खामगावचं स्थळ आलं. पाहणं झालं, पसंती झाल्यासारखंच होतं. आठ दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. आणि पुढच्याच महिन्यात तीच माणसं, तीच बैलगाडी, गीताबाईंच्या अंगणात येऊन उभी राहिली. त्या मांडवात चांगुणा आली नाही. डोकं दुखतं म्हणाली. वर्षानं तिचंही लग्न झालं, मेहकराकडे कुठंतरी. तिच्या माणसांनी धाड सोडलं. मग तीस वर्षांत पत्र नाही, निरोप नाही.

नवऱ्याबद्दल गीताबाईंची कधी काही तक्रार नव्हती. तेच त्यांना उलट जास्त टोचत असे. सुखाचा घास घेताना मधेच वाटे, हे ताट दुसऱ्या कुणापुढे वाढलेलं होतं. चांगी रागावली असेल का? एवढं एकदा तिच्या तोंडून ऐकायचं होतं. हो तर हो, नाही तर नाही.

गेल्या साली चिखलीच्या एका लग्नात धाडची एक म्हातारी भेटली.

"चांगी ना? लोनारातच असते आता. तिच्या मालकाचं नाव काय म्हनशीन? तुह्याच मालकाचं. चिंतामणराव! कोनालेबी इचार, घर दाखवतीन."

गीताबाईंना इतकं हसू आलं की आडनाव विचारायचं राहिलं. तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली आणि म्हातारी गर्दीत गेली ती गेलीच.

गावात शिरल्यावर, पहिल्याच पानठेल्यासमोर उभं राहिल्यावर, त्यांच्या लक्षात आलं की आपण केवढी चूक केली.

चांगुणा हे माहेरचं नाव. सासरी ते बदललेलं. काय ठेवलं, ठाऊक नाही. विचारायचं तर तिच्या नवऱ्याच्या नावानं. आणि ते नाव गीताबाईंनी तीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. नावच काय, त्याच्या जवळ जाणारा शब्दही नाही. 'चिंता' म्हणायची वेळ आली तर त्या 'काळजी' म्हणत. रोजच्या पोथीत एके ठिकाणी तो शब्द येई, तिथं त्या हात जोडून 'गणपती' म्हणत आणि पुढे जात. देवालाही ते चालत असे.

"कोनाचं घर पाह्यजे मावशी?" पानवाल्यानं विचारलं.

"ते... गणपतीचं नाव आहे त्यांचं."

"गजानन?"

"नाही."

"गजानन म्हनलं असतं तर पंचवीस दाखवले असते. शेगाव जवळ पडते ना आपल्याले. मंग गणेश? गणेश शिंपी आहे."

"नाही."

"गणपत? रोलरवाले गणपतराव आहेत, ह्या पिंपळामागच्या गल्लीत."

"गणपत नाही हो. देवाचं. मोठं नाव आहे."

पानवाल्यानं चुना लावता लावता विचार केला. "विनायकराव! देवळापल्याड. चिऱ्याचं घर आहे. जा बिनधास्त."

त्या जवळजवळ धावतच गेल्या. विनायकरावांच्या घरात चैत्रगौर बसली होती. कैऱ्या, कलिंगडाचं कमळ, समया. घरच्या बाईनं "आम्ही नाही बाई ते," असं म्हणायच्या आधीच त्यांना पाटावर बसवलं. हळदीकुंकवाला नाही म्हणता येत नाही. ओटीत हरभरे पडले, हातात पन्ह्याचा पेला आला.

"दिव्याच्या आधी पाणी घेत नाही मी," गीताबाई म्हणाल्या. "नेम आहे."

"मंग डाळ तरी न्या पदरात. कोनाचं घर पाहून राह्यल्या तुम्ही?"

"गणपतीचं नाव आहे."

"आमच्या मालकाचंबी तेच आहे," ती बाई लाजत म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. हसताना गीताबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून पाच.

पुढे महादेवरावांचं किराणा दुकान लागलं. महादेवराव मोठे धीराचे. त्यांनी गिऱ्हाईक बाजूला सारलं आणि एकेक नाव काढलं. एकदंत? वक्रतुंड? लंबोदर? बाकावर बसलेला एक म्हातारा खो खो हसला.

"लंबोदर नाव कोनी ठेवते का हो पोराचं?"

"तुम्ही गप बसा पुंजाजी. बाई अडचणीत आहे." त्यांनी कानावरची पेन्सिल काढून पुढे केली. "हे घ्या. लिवून दाखवा. बोलाची बंदी आहे, लिवाची थोडीच आहे?"

गीताबाईंचे कान तापले. त्यांना पोथी वाचता येत होती. शाळेतून दुसरीतच काढलेलं. लिहायला हात कधी वळलाच नाही. त्यांनी मान हलवली.

"मंग राह्यलं," महादेवराव खरंच वाईट वाटून म्हणाले. "कोनत्या गावची बाई आहे हो? काय करते मानूस?"

"धाडची. नवऱ्याचं काही माहीत नाही."

"नाव सांगत नाही, काम माहीत नाही," पुंजाजी म्हणाले, "अन् घर पाह्यजे. देवाच्याच घरी जा मंग."

कुणाचा राग यायला वेळ नव्हता. त्या गल्ल्या फिरल्या. एका ओट्यावर वाकून पाहिलं, दुसरीकडे एका पाठमोऱ्या बाईला "चांगे" म्हणून हाक मारली. तिनं वळून पाहिलं, ती वीस वर्षांची पोर निघाली. पाय दुखत नव्हते, उलट अंगात कधी नव्हे ती हलकी धाव आली होती. आपण पंचेचाळीस वर्षांच्या आहोत हे त्यांना खरंच वाटेना. पदर दोनदा डोक्यावरून घसरला आणि दोनदा त्यांनी तो चालताचालताच ओढून घेतला.

फिरून फिरून त्या पुन्हा पिंपळाशी आल्या. तिथं सार्वजनिक विहीर होती. सांजेची पाण्याची वेळ. सातआठ बाया, घागरींचा आवाज. ऊन झाडाच्या शेंड्यावर गेलं होतं.

"बाई, किती वाजले असतील?"

"साडेसहा झाले असतीन."

आणि लांबून, स्टँडाकडून, हॉर्न वाजला. माणिकराव घाई करत होते. एक.

गीताबाई विहिरीच्या पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांनी पदर नीट केला. नाव घ्यायची एक वाट बाईच्या जातीला पूर्वजांनी मोकळी ठेवली आहे. ती लग्नात असते, डोहाळजेवणात असते, हळदीकुंकवात असते. विहिरीवर, परक्या गावात, रस्ता विचारण्यासाठी ती कुणी वापरली नसेल. पण बंदी तर कुणी घातलेली नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि मांडवात म्हणतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"धाडच्या बाजारात घेतला आरसा, पदरात ठेवला झाकून,
चिंतामणरावांचं नाव घेते, साऱ्यांचा मान राखून."

एक घागर विहिरीत धपकन पडली. बायांचे हात थांबले. मग एकीनं तोंडाला पदर लावला आणि सगळ्यांचं हसू फुटलं.

"अव, कोनाचं लगन आहे?"

"लग्न नाही," गीताबाई लाल होऊन म्हणाल्या. "त्यांचं घर पाहिजे मला."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एक वयस्क बाई पुढे झाली.

"चिंतामणराव? ह्या नावाचं कोनी नाही बाई आमच्या गावात."

गीताबाई पायरीवर खाली बसल्या. तीस वर्षं राखलेलं नाव गेलं, आणि गावात त्याचा धनीच नव्हता.

"आरसा पदरात नव्हता," गल्लीतून कुणीतरी म्हणालं. "उशाशी होता."

हातात केरसुणी घेऊन एक उंच, वाळलेली बाई उभी होती. केस पांढरे, समोरचा एक दात गेलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गीताबाईंनी तिला ओळखलं नाही. तिनं केरसुणी खाली टाकली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि मान वाकडी केली. तेव्हा ओळखलं.

"'उशाशी ठेवला झाकून' असं होतं," चांगुणा म्हणाली. "तुवा पदरात काऊन आनला?"

"आत्या म्हणाली, मांडवात उशी-बिशी म्हणू नको." गीताबाईंच्या तोंडून शब्द सांडत होते. "चांगे, तो उखाणा तुझाच होता. तू केला होतास, ते स्थळ पक्कं होईल म्हणून. मला ऐन वेळी दुसरा सुचलाच नाही ग."

"माहीत आहे मले. मांडवात नव्हती आली, पन भिंतीआडून आयकला मी." तिनं गीताबाईंचा दंड पकडला आणि ओढतच नेलं. "मीबी तोच म्हनला माह्या लग्नात. नाव तेच, उखाना तोच, मानूस तेवढा बदलला. चाल, आत चाल. केर काढून राह्यली होती, म्हनलं माह्या आरशाले कोन हात लावून राह्यलं."

विहिरीवरून एक बाई ओरडली, "अन्नपूर्णाबाई, तुमचे मालक तर गणपतराव ना?"

"ते कारडावर," चांगुणा न वळता म्हणाली.

घर म्हणजे दोन खोल्या. चांगुणेनं आधी देवापाशी दिवा लावला, मग गीताबाईंच्या हातात तांब्या दिला. हात जोडून त्यांनी तो उभ्याउभ्याच अर्धा संपवला. दोघी बसल्याच नाहीत. बसायला वेळ नव्हता.

"रेशनची कारडं लिवाले एक मानूस आला होता. हे रोलर घेऊन रस्त्यावर. तो म्हने, घरमालकाचं नाव सांगा. म्या म्हनलं, गणपतीचं नाव. त्यानं गणपत लिवलं अन् गेला. आता सारं गाव गणपतराव म्हनते. हेबी हाक मारली का वळून पाह्यते."

गीताबाई हसता हसता भिंतीला टेकल्या. त्याच गल्लीपाशी त्या तासाभरापूर्वी उभ्या होत्या आणि गणपत नाही म्हणाल्या होत्या. मग हसू थांबलं. डोळ्यांच्या कडा पुसताना त्यांनी तो प्रश्न विचारला. तीस वर्षं घोळवला होता तसा तो निघाला नाही; आखूड होऊन निघाला.

"रागावली होतीस का ग?"

चांगुणा समईची वात पुढे सारत होती. वात चांगली होती, तरी तिनं ती आणखी सारली.

"पत्र धाडलं होतं तुले," ती म्हणाली. "तुह्यं पहिलं पोरगं झालं म्हनून कानावर आलं तवा. एकापासून लिहून घेतलं. पत्त्यावर नाव कोनाचं, त्यानं इचारलं. तुह्या मालकाचं नाव माह्या तोंडातून कसं निंगन? म्हनलं, गणपतीचं नाव. त्यानं गणपतराव लिवलं. खामगावात फिरून वापस आलं पत्र." तिनं वर पाहिलं. "राग कायचा? नावानंच घोटाळा केला सारा."

दुसरा हॉर्न वाजला.

गीताबाईंच्या छातीतून काहीतरी सुटून गेलं. वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यांनी, ते कुठं गेलं म्हणून. पदरातली आंब्याची डाळ त्यांनी चांगुणेच्या हातावर रिकामी केली, ओटीतले हरभरेही.

"पत्ता दे तुझा. माझा नातू लिहील पत्र. आता मी सोडणार नाही तुला."

चांगुणेनं कोनाड्यातली पेन्सिल घेतली, भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि भिंतीलाच टेकवून भराभर लिहिलं. घडी घालून ती गीताबाईंच्या मुठीत कोंबली. मग दोघी निघाल्या. विहिरीवरून जाताना बाया म्हणाल्या, "म्हना ना आनखी एक," आणि चांगुणा म्हणाली, "पुढच्या फेरीले." पानठेल्यावरचा माणूस उभा राहिला.

"भेटले का मावशी गणपती?"

"भेटले," गीताबाई धावताधावता म्हणाल्या.

तिसरा हॉर्न वाजला तेव्हा त्या स्टँडाच्या तोंडाशी होत्या. वच्छलाबाई दारात उभ्या राहून दोन्ही हातांनी बोलावत होत्या. अंबूबाईंनी खिडकीतून हात काढला. "आली व आली लोनारची सूनबाई!" कंडक्टरनं त्यांना आत ओढून घेतलं. गाडी हलली. खाली चांगुणा चारदोन पावलं गाडीबरोबर चालली, मग थांबली आणि कमरेवर हात ठेवून मान वाकडी करून उभी राहिली. धुरळ्यात ती दिसेनाशी झाली.

गाडीत नुसता गोंधळ. कुणाच्या हातावर सरोवराचं पाणी अजून बुळबुळत होतं, कुणी देवीची साडी कसल्या रंगाची होती ते सांगत होतं, कुणाच्या बांगड्या लहान निघाल्या होत्या. गीताबाई अंबूबाईंच्या शेजारी बसल्या. ऊर अजून धपापत होता आणि हसू आवरत नव्हतं.

"कोन होती व?"

"मैत्रीण. माहेरची. तीस वर्षांनी."

"बाप्पा! तीस वर्सं? अन् काय बोलल्या इतक्या वेळात?"

"सगळं बोललो."

मेहकरच्या रस्त्याला लागल्यावर कंडक्टरनं आतला दिवा लावला. गीताबाईंनी मूठ उघडली. घामानं ओली झालेली घडी त्यांनी मांडीवर अलगद उलगडली. पोथीतल्यासारखी अक्षरं होती, गोल, सरळ रेषेत, कुठं पेन्सिल अडखळलेली नाही, काना-मात्रा जागच्या जागी. रोज लिहिणाऱ्या हाताचं अक्षर. ह्या हाताला पत्र एकापासून लिहून घ्यायची काय गरज होती? त्यांनी ओठ मिटून वाचलं.

'श्री. चिंतामण तुकाराम वायाळ, रोलरवाले, पिंपळामागची गल्ली, लोणार.'

त्यांनी पुन्हा वाचलं. पहिल्या नावापाशी त्यांचं बोट थांबलं. गाडी खड्ड्यातून गेली, दिवा हलला, अक्षरं हलली आणि पुन्हा जागेवर आली.

"काय म्हने मंग?" अंबूबाईंनी कोपरानं ढोसलं. "इतके वर्सं एक पत्र नाही धाडवलं तिच्याच्यानं?"

गीताबाईंनी कागद होता तसाच घडीवर घडी मिटला.

"धाडलं होतं तिनं," त्या म्हणाल्या. "वापस गेलं."